‘जागा आहे का?’

पाळणाघराच्या चौकशीचे फोन बहुतेक दुपारी, जेवणाच्या सुट्टीत येतात. नोकरी करणाऱ्या आईबाबांना तेवढीच दहा मिनिटं मोकळी मिळतात. माझ्याकडे मात्र नेमकं तेव्हाच एकाच्या तोंडात घास असतो, दुसऱ्याचं नाक गळून हनुवटीपर्यंत आलेलं असतं आणि तिसरीला आत्ताच्या आत्ता शूला जायचं असतं. अशा वेळी फोन कानाला लावून ‘हो हो, अगदी घरगुती वातावरण आहे’ म्हणत बसणं मला जमत नाही, आणि जमू नये असंही वाटतं. मुलं जागी आहेत तोवर मी चौकशीचा फोन घेत नाही. त्याऐवजी एक तयार मजकूर जातो: ‘नमस्कार. आत्ता मुलं माझ्याजवळ आहेत. बाळाचं वय, कधीपासून ठेवायचंय आणि किती ते किती वाजेपर्यंत, एवढं लिहून ठेवा. मुलं झोपली की मी फोन करते.’

एका बाबांनी यावर लगेच आवाजी निरोप टाकला होता. ‘अहो, साधा फोन उचलत नाही तुम्ही, मुलांकडे काय लक्ष देणार?’ मी दुपारी फोन करून म्हटलं, ‘लक्ष देत होते, म्हणूनच उचलला नाही.’ पलीकडे जरा शांतता. मग, ‘बरं, बघायला कधी येऊ?’

मागितलेल्या त्या तीन गोष्टींत वय सगळ्यात महत्त्वाचं. ‘लहान आहे’ या उत्तराने काही कळत नाही. चार महिन्यांचं बाळ आणि अडीच वर्षांची मुलगी, आईला दोघंही लहानच. पण सांभाळायला बसलं की ती दोन वेगळी कामं आहेत. तान्ह्याला दर दोन-तीन तासांनी दूध, मग ढेकर, मग डायपर, आणि झोपेतसुद्धा त्याच्यावर नजर लागते. अनेक देशांत वर्षाखालच्या तीन किंवा चार बाळांमागे एक मोठं माणूस असा नियमच आहे. तीन तान्ही बाळं एकदम रडायला लागलेली ज्याने ऐकलीत त्याला तो नियम कुणी समजावून सांगावा लागत नाही. माझ्याकडे मी आणि मदतीला एक ताई. तान्ह्यांच्या जागा भरल्या की मोठ्यांसाठी जागा असूनही तान्ह्याला नकार द्यावा लागतो. फोनवर हे विचित्र वाटतं लोकांना. ‘जागा आहे म्हणता आणि नाही पण म्हणता?’

फीचा प्रश्न मात्र प्रत्येक जण आपापल्या स्वभावाप्रमाणे विचारतो. काही जण नमस्कारसुद्धा न घालता ‘फी?’ एवढंच लिहितात. मला त्यांचा राग येत नाही. परवडत नसेल तर बाकीचं बोलून दोघांचाही वेळ कशाला घालवायचा? खरी पंचाईत होते ती ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्यांची. ते खेळणी कोणती, खिडक्या किती, झोपायला गादी कसली, सगळं विचारतात आणि अर्ध्या तासाने खाकरून म्हणतात, ‘आणि... साधारण... ते...?’ म्हणून आता फी मीच आधी सांगते, तीही एका दमात: एवढे पैसे, त्यात काय येतं, काय येत नाही, उशीर झाला तर काय, मूल आठवडाभर आलं नाही तरी पूर्ण महिन्याचे का, मी सुट्टी घेते ते दिवस कोणते. भांडणं होतात ती यातल्या शेवटच्या तीन मुद्द्यांवर. फी किती यावरून आजवर कुणी कायमचं तोंड फिरवलेलं नाही. ‘आम्ही तर गावाला होतो, मग पैसे कसले’ यावरून फिरवलंय.

घासाघीसही होते. ‘पलीकडच्या गल्लीत कमी घेतात.’ घेत असतील. मी एवढंच सांगते की मुलांची संख्या मी वाढवत नाही, त्यामुळे पैसे कमी करायला माझ्याकडे दुसरी वाटच नाही. फी उतरवायची तर मुलं वाढवायची, आणि मुलं वाढली तरी मांडी एकच राहणार. हिशेब साधा आहे. तो पटला की लोक थांबतात, नाही पटला की जातात.

गंमत म्हणजे ज्या प्रश्नाचं उत्तर मला सगळ्यात जास्त द्यायचं असतं तो फारसा कुणी धड विचारत नाही. ‘किती मुलं आहेत?’ हे विचारतात, पण आकड्याने निम्मंच कळतं. त्यांतली रांगणारी किती, अजून न बसणारी किती? मी आजारी पडले तर कोण? एखाद्याला घेऊन दवाखान्यात पळावं लागलं तर बाकीच्यांपाशी कोण थांबतं? मी अंघोळ घालत असते तेव्हा दार कोण उघडतं? हे न विचारताच सांगते. काही जणांच्या चेहऱ्यावर ‘अरे, हे तर सुचलंच नव्हतं’ असं दिसतं. आणि एकदा हे सुचलं की पुढे ते ज्या ज्या पाळणाघरात जातील तिथे विचारतील. माझ्याकडे नाही आले तरी चालेल, पण विचारावं.

फोननंतर भेट. पूर्वी मला वाटायचं की मुलं गेल्यावर, संध्याकाळी सगळं आवरून झालं की लोकांना बोलवावं. पण रिकामी खोली बघून काय कळणार? फरशी पुसलेली आहे एवढंच. मी आता सकाळची मधली वेळ देते, मुलं खेळत-भांडत असताना. त्याला अटी आहेत आणि त्या आधीच कळवते: दोघांपेक्षा जास्त माणसं नकोत, आत आलं की हात धुवायचे, फोटो काढायचा नाही, आणि इथल्या कुणा मुलाविषयी मी काही सांगणार नाही. हे शेवटचं लोकांना जड जातं. एखादं मूल कोपऱ्यात रुसून बसलेलं दिसलं की ‘हा असा का?’ हा प्रश्न येतोच. मी म्हणते, ‘उद्या तुमचं मूल रुसलं आणि तेव्हा कुणी पाहुणे आलेले असले, तर मी त्यांना काय सांगावं असं तुम्हाला वाटेल?’ तिथे विषय संपतो.

भेटीत काही लोक भिंतीवरची चित्रं बघतात, काही माझ्याकडे बघतात. एक बाबा आले ते थेट उकिडवे बसले, आणि मुलाच्या उंचीवरून सगळी खोली न्याहाळली. विजेच्या सॉकेटवर झाकणं आहेत का, पडद्याची दोरी हाताला येते का. मग उठून कपाट दोन्ही हातांनी पुढे ओढून पाहिलं. कपाट भिंतीला स्क्रूने पक्कं केलेलं आहे, ते हललं नाही. बायको ओशाळून म्हणाली, ‘अहो, काय हे!’ मला तर त्यांना चहा पाजावासा वाटला. खणांच्या पायऱ्या करून चढणाऱ्या मुलाच्या अंगावर कपाट येऊ शकतं, हे त्या गृहस्थांना ठाऊक होतं.

पण माझ्या लक्षात राहिल्या त्या एक आजी. मुलगा-सून प्रश्नांची यादी घेऊन आले होते, त्यातला एकेक विचारत होते. आजींनी एक अक्षर विचारलं नाही. न्हाणीघर कुठे एवढं हाताने विचारून आत गेल्या. डायपर बदलायच्या चटईजवळ वाकून वास घेतला. नळाखालची बादली पायाने जरा ढकलली. रिकामी होती, उपडी घातलेली. शेल्फावरची साबणाची बाटली किती उंचीवर आहे ते पाहिलं. बाहेर आल्या आणि मुलाला म्हणाल्या, ‘ठेवा.’ यादीतले निम्मे प्रश्न तसेच राहिले. नुकतं चालायला लागलेलं मूल बादलीत तोल जाऊन पडलं तर त्याला स्वतःहून बाहेर येता येत नाही, आणि बुडायला बोटभर पाणीही पुरतं. ते आजींना कुणी छापील पत्रकातून सांगितलं नसावं.

झोपेचा विषय निघाला की मात्र आजीमंडळींशी माझं जुळत नाही. ‘पालथा टाका, छान तीन तास झोपतो.’ झोपतो, खरं आहे. पण माझ्याकडे वर्षाच्या आतलं बाळ पाठीवरच झोपतं, सपाट आणि घट्ट गादीवर. उशी नाही, जाड पांघरूण नाही, कुशीत मऊ बाहुली नाही. अमेरिकेत १९९४ मध्ये बाळांना पाठीवर झोपवा अशी मोहीम सुरू झाली, आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण त्यानंतरच्या काही वर्षांत जवळपास निम्म्यावर आलं. इतक्या साध्या गोष्टीने इतका फरक पडला असेल तर मी ती कुणाच्या भिडेखातर सोडणार नाही. हे भेटीतच स्पष्ट करते, कारण बाळ यायला लागल्यावर सांगितलं तर तो वाद होतो. एक आजी म्हणाल्या, ‘आम्ही काय मुलं वाढवली नाहीत?’ मी म्हटलं, ‘वाढवलीत की, आणि तुमच्या घरी तुम्ही ठरवाल तसं. इथे असं.’ त्यांनी नाक मुरडलं, पण बाळ आलं. अजून येतं.

‘कॅमेरा आहे का?’ हा प्रश्न आता प्रत्येक दुसरा फोन विचारतो. माझ्याकडे मोबाइलवर थेट दिसणारा कॅमेरा नाही. कारण सांगते: त्यात एकाच मुलाचं चित्र जाणार नाही, सगळ्यांची मुलं सगळ्यांना दिसणार, कपडे बदलतानाही, रडतानाही. शिवाय ऑफिसात बसलेली आई नेमकी तेव्हाच बघते जेव्हा तिचं पोर खेळणं हिसकावलं म्हणून भोकाड पसरून बसलेलं असतं. तिला आवाज ऐकू येत नाही, पुढच्या मिनिटाला काय झालं ते दिसत नाही, कारण साहेब समोर उभे. दुपारभर तिचा जीव टांगणीला. त्यापेक्षा मी म्हणते, मूल यायला लागल्यावर कधीही न सांगता या. दार वाजवा, आत या, बघा. तेवढ्याने समाधान नाही झालं तर कॅमेऱ्याचं पाळणाघर शोधावं, त्यात मला काही वाटत नाही. ज्यांना मनापासून कॅमेरा हवा आहे त्यांच्या मनात माझ्याविषयी शंका राहणार, आणि शंका घेऊन रोज सकाळी मूल सोपवणं दोघांनाही त्रासाचं.

टीव्ही-मोबाइलचं उलट होतं. तिथे आईबाबा आडून विचारतात, कारण घरी जेवताना मोबाइल लागतो हे त्यांना सांगायचं नसतं. मी माझ्याकडचं सांगून मोकळी होते: इथे स्क्रीन नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय की दोन वर्षांच्या आत स्क्रीन नकोच, आणि दोन ते चार वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही कमी असला तर बरा. ‘मग तो जेवेल कसा?’ असं एकदम तोंडातून निघून जातं, आणि मग आई स्वतःच हसते. दुसरी चार मुलं समोर बसून जेवत असली की पाचवं जेवतं. पहिले काही दिवस कमी जेवतं, हेही सांगून ठेवते.

आणि मग तो प्रश्न येतो. तो बहुतेक आईच विचारते, आणि सहसा फोनवरच. ऑफिसच्या जिन्यात जाऊन बोलत असावी, आवाज घुमतो. ‘खूप रडेल का हो?’

रडेल. मी ‘नाही नाही, दोन दिवसांत विसरते’ असं कधी म्हणत नाही. साधारण आठव्या महिन्यापासून बाळाला आपलं माणूस दिसेनासं झालं की भीती वाटायला लागते, आणि दीड वर्षापर्यंत ती चांगलीच जोरात असते. नेमकं याच वयात अनेकींची रजा संपते. बालसंगोपनाचा कोर्स करताना आम्हाला मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगाबद्दल शिकवलं होतं. साधारण वर्षाच्या बाळाला अनोळखी खोलीत ठेवून आई काही मिनिटं बाहेर जाते आणि परत येते. आई गेल्यावर बाळ किती रडलं यापेक्षा ती परत आल्यावर ते तिच्याकडे कसं झेपावलं, तिच्या कुशीत शांत झालं का, याला त्यांनी जास्त महत्त्व दिलं. मी तेच आयांना सांगते. सकाळच्या रडण्यावरून घाबरू नका, संध्याकाळी तुम्हाला बघून काय करते ते बघा, आणि मधल्या वेळात माझ्या कडेवर येऊन थांबते का ते मी बघते. मूल रुळायला वेळ लागतो, म्हणून पहिल्या दिवसापासून पूर्ण वेळ ठेवत नाही. आधी आईबरोबर तासभर, मग आई अर्धा तास बाहेर, मग झोपेपर्यंत, असं वाढवत जायचं. यासाठी नोकरीवर रुजू होण्याआधी हातात निदान दोन आठवडे हवेत. ‘सोमवारपासून पूर्ण दिवस’ म्हणून शुक्रवारी फोन करणाऱ्यांना मी हे सांगते तेव्हा पलीकडून सुस्कारा ऐकू येतो. आणखी एक अट: गुपचूप निसटायचं नाही. मूल खेळण्यात गुंतलं की मागच्या मागे पळायचा मोह सगळ्यांना होतो. पण मग ते मूल दिवसभर दाराकडेच बघत बसतं. सांगून जा, रडू दे, जा.

अंगावर पिणाऱ्या बाळांच्या आया दुधाबद्दल विचारताना उगाच संकोचतात. काढलेलं दूध आणलं तर चालेल का? चालेल की. बाटलीवर नाव आणि काढल्याची तारीख-वेळ. खोलीत फार उकाडा नसेल तर चार तास, फ्रिजमध्ये चार दिवस. बाळाने तोंड लावून उरलेलं दोन तासांपलीकडे ठेवत नाही, ओतून टाकते. इतकं कष्टाने काढलेलं ओतताना जिवावर येतं, पण ओततेच. एवढं नेमकं उत्तर मिळालं की आईचा आवाज बदलतो.

इथवर त्यांचे प्रश्न. मग माझी पाळी.

नवख्या पाळणाघरवाल्या मैत्रिणी मला विचारतात की पालकांना पटवायचं कसं. मला तो प्रश्नच कळत नाही. चौकशीला आलेल्यांना पटवण्यापेक्षा मला एकच गोष्ट शोधायची असते: हे आईबाबा मला खरं सांगतील का? बाकी सगळं जुळवून घेता येतं. मूल हट्टी असलं, जेवणात खोड्या असल्या, झोपायला कडेवर तासभर लागत असला तरी निभावतं. पण रात्री दोनदा उलटी झालेली असताना सकाळी ‘छान झोपला हो’ म्हणून सोडून गेले, तर संध्याकाळपर्यंत माझ्याकडची निम्मी मुलं आडवी होतात.

म्हणून मी विचारते, आणि रोखूनच विचारते. ‘सकाळी उठल्यावर अंग तापलंय, १०१ आहे. दोघांनाही ऑफिसात जाणं भाग आहे. काय कराल?’ दोघं एकमेकांकडे बघतात. ती नजर मला आवडते, कारण याचा विचार त्यांनी आधी केलेला नसला तरी तो आता सुरू झालेला असतो. एक आई सरळ म्हणाली होती, ‘खरं सांगू? औषध पाजून आणेन आणि तुमचा फोन येईपर्यंत पळ काढेन.’ मी तिचं मूल लगेच घेतलं. जी हे तोंडावर बोलू शकते ती मला बाकीचंही सांगेल. मग तिला नियम सांगितला: १००.४ किंवा त्याहून जास्त ताप असेल तर घरी, आणि औषधाशिवाय २४ तास ताप नसेल तेव्हाच परत. शेवटच्या जुलाबानंतर किंवा उलटीनंतर ४८ तास. कांजिण्या असतील तर सगळ्या फोडांवर खपल्या धरेपर्यंत. तिने कपाळावर हात मारून घेतला, पण लिहून घेतलं.

याउलट ‘आमचा कधी आजारीच पडत नाही’ असं कुणी म्हटलं की माझ्या मनात पाल चुकचुकते. पहिल्यांदा चार मुलांत येणारं मूल वर्षभर वरचेवर सर्दी-खोकला घेऊन घरी जाणार, हे मी मात्र स्वतःहून सांगते. एकदोन जण तेवढ्यानेच परत आले नाहीत.

बाकी प्रश्न छोटे. झोपवतं कोण आणि कसं? रागावला की काय करतो? घ्यायला कोण कोण येणार, आणि कुणाकडे अजिबात द्यायचं नाही? या दुसऱ्या भागावर कधी कधी खोलीतली हवा बदलते. मग मी आईला नंतर वेगळा फोन करते. ‘तुम्हाला निघायला उशीर झाला तर कोण?’ ‘होत नाही हो उशीर’ हे उत्तर मी उत्तर म्हणून धरत नाही.

आणि ‘एखादा फटका दिलात तरी आमची ना नाही’ असं म्हणणारे बाबा अजूनही भेटतात. मोठ्या मनाने परवानगी देत असतात बिचारे. मी म्हणते, ‘माझी ना आहे.’ त्याचप्रमाणे ‘शेवटचा घास पोटात गेलाच पाहिजे’ म्हणणाऱ्यांना. मी ताट वाढते, किती खायचं ते मूल ठरवतं. हे ज्यांना मान्य नाही त्यांच्याशी पुढे रोज डब्यावरून कटकट होणार. ती होण्याआधीच तोडलेली बरी.

एवढं विचारूनही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट लोक सांगतात ती जाता जाता, चपलांत पाय सरकवताना. एक आई अशीच. तासभर बसली, सगळं बोलून झालं, फॉर्म घेतला, आणि दारात म्हणाली, ‘ताई, एक राहिलं. ताप चढला की त्याला आकडी येते.’ आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली. नंतर कळलं, आधी दोन ठिकाणी तिने हे सुरुवातीलाच सांगितलं होतं आणि दोन्हीकडे ‘जागा भरली’ असं उत्तर आलं होतं.

मी तिला परत आत बसवलं. तापातली आकडी सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत बऱ्यापैकी आढळते, बघणाऱ्याचं धाबं दणाणतं, पण बहुतेक मुलांना त्यातून पुढे काही होत नाही. मी तिला म्हटलं, तुमच्या डॉक्टरांकडून दोन ओळी लिहून आणा: आली तर काय करायचं, औषध द्यायचं असेल तर कोणतं आणि किती. माझ्या बाजूने काय करायचं ते मी आणि मदतीच्या ताईने पाठच केलं: जमिनीवर कुशीवर करायचं, आजूबाजूचं टोकदार सगळं बाजूला, तोंडात काही घालायचं नाही, दाबून धरायचं नाही, घड्याळाकडे बघायचं, पाच मिनिटांच्या वर गेलं तर रुग्णवाहिका. तो कागद फ्रिजच्या दाराला लावला. आणि तेव्हापासून माझ्या प्रश्नांच्या सुरुवातीला एक वाक्य आलं: ‘एखादी गोष्ट सांगितली तर मी नाही म्हणेन अशी भीती वाटत असेल, तर ती आधी सांगा. बहुतेक वेळा मी नाही म्हणत नाही, तयारी करते.’ या वाक्याने काय काय बाहेर येतं! शेंगदाण्याची ॲलर्जी, घटस्फोट चालू आहे, अजून शब्द बोलत नाही, मागच्या पाळणाघरातून काढलं कारण चावतो. चावणाऱ्यांचं तर मला काहीच वाटत नाही. दीड-दोन वर्षांची निम्मी चावतात, उरलेली ढकलतात.

नकार द्यायचा असेल तर त्याच दिवशी देते, कारणासकट. ‘बघू’, ‘कळवते’ हे शब्द मी टाळते, कारण पलीकडचं माणूस त्या ‘बघू’च्या भरवशावर दुसरीकडची जागा सोडून देतं. जुळ्यांच्या एका आईला मी सांगितलं, माझ्याकडे आत्ता दोन तान्ही आहेत, तुमची दोन आली तर चारांपैकी एकाकडे कायम दुर्लक्ष होईल, आणि ते कुणाचं होईल ते मला सांगता येणार नाही. ती नाराज झाली, पण दुसरी दोन नावं मागून घेऊन गेली. चांगलं चालवणाऱ्यांची नावं माझ्याकडे लिहून ठेवलेली असतात. त्यांच्याकडूनही माझ्याकडे येतात.

भेट झाल्यावर न परतणारेही पुष्कळ. त्यांना मी एकच निरोप पाठवते: जागा अमुक तारखेपर्यंत धरून ठेवते, नको असेल तर नुसतं ‘नको’ लिहिलं तरी पुरे. का नको ते विचारत नाही. ‘नको’ लिहिणारे थोडे, गप्प बसणारे जास्त. तारीख उलटली की यादीतल्या पुढच्या घरी फोन.

यादी ही एक साधी वही आहे. चौकशी आली त्या तारखेच्या क्रमाने नावं, पुढे बाळाचं वय, कधीपासून हवंय, आणि एका शब्दात शेरा. काही नावांपुढे वयच नाही, कारण बाळ अजून जन्माला यायचंय. हे लोक शहाणे. जागा झाली की वरून खाली फोन करत यायचं, प्रत्येकाला विचार करायला दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत वेळ. एकाच घरातलं दुसरं भावंड असेल तर ते आधी, बाकी वशिला चालत नाही. माझ्या नणंदेच्या मैत्रिणीचं नाव सध्या तिसरं आहे, आणि नणंदबाईंना ते मुळीच पटलेलं नाही.